मागून येणारी गाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्ये हसलीस तर पुढचं सांगणार नाही.

वर्षातली चौथी, शेवटची मॅरेथॉन होती. आदल्या संध्याकाळी छातीवर लावायचा नंबर घेऊन आले आणि सेफ्टी पिना शोधत बसले. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"पोरी, किती पळशील? मागे कोण लागलंय तुझ्या?"

हा तिचा वर्षभराचा विनोद. बाबा पेपराआडून हसले. मी हसले नाही, कारण मागे खरंच कुणीतरी लागलं होतं.

शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक गाडी येते. वेळेत न पोचणाऱ्यांना ती उचलते. नंबर काढून घेतात, सीटवर बसवतात, हातात पाण्याची बाटली देतात. मी शाळेत असताना आई एकदाच धावली आणि छत्तिसाव्या किलोमीटरला त्या गाडीत चढली. घरात त्यावर कितीतरी वर्षं करमणूक झाली. जाण्याआधी हॉस्पिटलात ती मला म्हणाली, "पाय थकले नव्हते गं. सगळे चढ म्हणाले, म्हणून चढले."

तेव्हाच ठरवलं. एका वर्षात चार शर्यती, आणि एकदाही गाडीत चढायचं नाही.

पहिल्याच शर्यतीत, छत्तिसाव्या किलोमीटरला, मागून इंजिनाची घरघर आली. डिझेलचा आणि ओल्या कापडाचा वास. मी वेळेच्या बरीच पुढे होते, तरी गाडी माझ्या बरोबरीला आली. काचा धुरकट, दार सताड उघडं. ड्रायव्हर समोर बघतच म्हणाला, "दमलात ताई. चढा."

मी वेग वाढवला. शेवटच्या रेषेवर घड्याळवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "गाडी? ती अजून निघालीच नाही."

पुढच्या दोन्ही वेळी ती आणखी जवळून आली. तिसऱ्यांदा आतून कुणीतरी काच पुसत होतं... फक्त तळहात दिसला.

चौथ्या शर्यतीच्या सकाळी धुकं होतं. पस्तिसाचा फलक मागे गेला आणि पुढचे-मागचे धावणारे दिसेनासे झाले. नुसते माझे बूट वाजत होते. मग घरघर. या वेळी काचा स्वच्छ होत्या. सगळ्या सीटा भरलेल्या, माणसं मांडीवर हात ठेवून शहाण्या मुलांसारखी बसलेली. कुणाच्याच छातीवर नंबर नव्हता, पिनांची भोकं तेवढी होती.

दाराशेजारच्या सीटवर आई.

"चढा," ड्रायव्हर म्हणाला. "घरचंच माणूस आहे आत."

माझा वेग खरंच पडला होता. आईचे ओठ हलले. "ये गं... सगळे म्हणतायत..."

माझं डोकं फिरलं. मेल्यावरसुद्धा सगळे?

"सगळे गेले खड्ड्यात! आई, तू उतर!"

ड्रायव्हरनं पहिल्यांदाच मान वळवली. "इथून उतरता येत नाही."

"तुम्हाला विचारतंय कोण?" मी धावता धावता हात आत घातला. गार बोटं माझ्या बोटांत आली. मी ओढलं.

मागे पाहिलं नाही. शेवटपर्यंत माझ्या श्वासाशेजारी आणखी एक श्वास होता, बेताल आणि हट्टी. पदकं वाटणाऱ्या मुलीनं एक माझ्या गळ्यात घातलं आणि दुसरं हातात धरून ती इकडेतिकडे बघू लागली. "तुमच्याबरोबरच्या बाई... आत्ता तर हसत होत्या."

ते दुसरं पदक मी मागून घेतलं. घरी येऊन दोन्ही पदकं बाबांच्या पेपरावर आपटली. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात खाली घरघर झाली. आत्यानं पडदा सरकवला.

"अगं, कुणाची गाडी ही? दार उघडं टाकून उभी आहे... दाराजवळची एक सीट रिकामी दिसतेय."

मी दाराला कडी घातली आणि पाठ टेकून उभी राहिले. "आत्या, तो तुला चढ म्हणेल. चढायचं नाही. ऐकतेस ना?"

आत्या चपला शोधत होती.

त्या चपला मी माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्यात. रोज सकाळी त्या उंबऱ्याशी सापडतात, टोकं बाहेरच्या बाजूला. रोज मी त्या उचलून पुन्हा कपाटात टाकते.

बघू, आधी कोण दमतं.