कोरडी कापणी

खांड बुजवायला जोळ येताना दिसली, तसा हसुरामने कमरेचा कोयता काढून हातात धरला.

खारजमिनीत समुद्राला अडवणारा बांध फुटून भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात, आणि घरटी एक माणूस ती बुजवायला धावतो ती जोळ. हसुरामच्या बापाने छातीभर पाण्यात उभं राहून अशा कितीतरी खांडी बुजवल्या होत्या. आता त्याचाच थोरला लेक खांड राखत बसला होता आणि धाकटा, पदू, वीस माणसं घेऊन ती बुजवायला निघाला होता. बापाने हे पाहिलं असतं तर दोघांनाही बडवून काढलं असतं.

समुद्र चढला आणि गोड्या पाण्याचं भात गेलं, त्याला पंधरा वर्षं झाली. त्या जागी भरतीसाळ आली. खारं पाणी पिऊन वाढणारं, प्रयोगशाळेत घडवलेलं हे भात. मुळं इतकी हावरी की चिखलात असेल ते ओढून घेतात. खाडीच्या वरच्या अंगाचे कारखाने केव्हाच बंद पडले होते, पण त्यांनी सोडलेला कॅडमियम नावाचा धातू चिखलात तसाच होता. गावाने बारा वर्षं भरतीसाळ पिकवली, खाल्ली आणि दरवर्षी वाडवडिलांच्या रीतीने कापणीआधी पंधरा दिवस बांधाची दारं बंद करून खाचरं सुकवली. ओल्यात विळा चालवायला कोण तयार होणार?

मग हाडं मोडायला लागली. हसुरामने तापाने फणफणलेल्या बायकोला, बारकीला, खाटेवरून उचललं, तेव्हा त्याच्या हातांतच तिच्या दोन बरगड्या मोडल्या. वाळकी शेंग मोडावी तसा आवाज झाला. बारकी अकरा दिवस ओरडत होती आणि मग गेली. तो आवाज हसुरामच्या कानांतून अजून गेला नव्हता.

त्यानंतर मातीचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर टिळेकर गावात आल्या. काळा, कुजका वास मारणारा चिखल हातात घेऊन त्या हसुरामला म्हणाल्या, "काका, भरती दिवसातून दोनदा आत आली की या चिखलाला हवा मिळत नाही. मग यातलं गंधक धातूला घट्ट धरून ठेवतं. मुळांना तो ओढता येत नाही. खाचर सुकलं की हवा शिरते, गंधक पकड सोडतं, आणि दाणा भरत असतो नेमका तेव्हाच धातू त्यात उतरतो."

"म्हंजे घान वास येतो तो चिखल चांगला, न् सुकला तो वाईट? उलटंच सांगताव तुमी."

"उलटंच आहे. आणि हाडं ठिसूळ करणारा हा धातू एकदा खाल्ला की वीस-वीस वर्षं अंगातून निघत नाही. निदान नवा तरी आत जाऊ देऊ नका."

गावाने कुरकुरत बांध फोडून ही खांड पाडू दिली. त्यालाही तीन वर्षं झाली होती. मात्र पाण्यातल्या कापणीत गेल्या वर्षी निम्मं भात कुजलं, आणि गावाचा धीर सुटला.

"दादा, सरक," पदू म्हणाला. त्याच्या डोक्यावर मातीची पाटी होती. "यंदाबी भात पान्यान कुजवायचा हाय का? पोरांनी काय खायाचा?"

"बारकी कशान मेली, इसरलास?"

"वयनी तापान मेली. आमाला काय झालंय? बग, धडधाकट हाव!"

डॉक्टर टिळेकर धावत आल्या आणि खांडीत आडव्या उभ्या राहिल्या. "पंधरा दिवस द्या मला. पाण्यात कापायला मी माणसं आणते."

कुणीतरी त्यांना ढकललं. त्या उठल्या, तेव्हा पदूने पाटी फेकून शेजारच्याचं फावडं ओढलं आणि त्याचा दांडा त्यांच्या खांद्यावर हाणला. हसुरामचं डोकं फिरलं. त्याने कोयता उलटा धरला आणि बोथट बाजूने भावाच्या हातावर मारला. फावडं सुटावं इतकाच जोर लावला होता.

तोच आवाज आला. पदूचा हात कोपराखाली मोडून लोंबायला लागला.

जोळ चवताळून हसुराम आणि डॉक्टरांवर तुटून पडली. आणि मग जे झालं ते त्या खाडीने कधी पाहिलं नव्हतं. हसुरामच्या डोक्यात बुक्की घालणाऱ्याची बोटं मोडली. लाथ मारणारा नडगी धरून खाली बसला. हसुरामने एकाला ढकललं, तर त्याचं स्वतःचंच मनगट गेलं. चिखलात रक्त, दात आणि शिव्या यांचा नुसता काला झाला होता. शेवटी कुणीच हात उगारेना. धडधाकट वीस माणसं आपापल्या हातांकडे भीतीने बघत उभी राहिली.

पदू खांडीच्या तळाशी उताणा पडला होता. गर्दीत त्याच्या छातीवर पाय पडले होते. आणि भरती लागली होती.

"दादा, उचल मना."

हसुराम गुडघ्यांवर बसला. बगलेत हात घातला आणि तसाच थांबला. कातडीखाली बरगड्या हलत होत्या. उचलणं म्हणजे काय, हे त्या गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"खांड बुजवूया!" मागून कुणीतरी ओरडलं. पाट्या भरलेल्याच होत्या.

"नका," आपला दुखावलेला खांदा धरून डॉक्टर म्हणाल्या. "पाणीच त्याला उचलेल. तुम्ही फक्त डोकं धरा."

पाणी आलं. त्याने पदूला खरोखरच अलगद उचललं, कुठल्या माणसाला जमलं नसतं असं. पण पहिल्याच लाटेचं खारं पाणी त्याच्या घशात गेलं आणि पदूला ठसका लागला. हसुरामने भावाचं तोंड छातीशी धरलं होतं. प्रत्येक ठसक्याला एकेक बरगडी मोडत होती आणि ती त्याच्या हातांना कळत होती. सहाव्यानंतर पदू खोकायचा थांबला. हसुराम त्याचं नाव घेऊन गुरासारखा ओरडला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला माणसं गेली. पदूच्या बायकोने बराच वेळ राख चाळली आणि रिकामी ओंजळ हसुरामपुढे धरली.

"भावजी, येचायला हाडच नाय गवसत."

पंधरा दिवसांनी कापणी पाण्यातच झाली. पहिला विळा पदूच्या बायकोने चालवला. मागे अख्खं गाव होतं, आणि कुणी कुणाला धक्का लागू देत नव्हतं.