हाकेआधीची ओ

बॅटरीवाला लोकांना आठवतो तो अंधार झाला की. माझं दुकान विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याला लागून. इन्व्हर्टर, बॅटऱ्या, दुरुस्ती. शिक्षण म्हणाल तर शाळेनं मला लवकरच मोकळं केलं, पुढचं सगळं शॉक खाऊन शिकलो. तेव्हा आता जे सांगतोय त्यातलं शास्त्र माझं नाही, माधवरावांचं आहे. भीती तेवढी माझी.

माधवराव आमचे जुने गिऱ्हाईक. मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, पण काम काही सुटलं नव्हतं. कामाचा विषय असा, की एकच हिशेब लांब लांब ठेवलेली चार कॉम्प्युटरं मिळून करतात, तेव्हा काय आधी झालं आणि काय नंतर, हे ठरवायचं कुणी? प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, आणि कुठलीही दोन घड्याळं कायम जुळून राहत नाहीत.

मला हे लगेच पटलं. कारण एकदा आमच्या सौभाग्यवतींनी मोबाईलवर 'दूध आणा' असा निरोप धाडला आणि पाठोपाठ 'आणू नका'. मला मिळाले उलटे. मी दूध घेऊन घरी. त्यानंतर जे ऐकलं ते कुठल्याच घड्याळात मावणारं नव्हतं. हे सांगितलं तेव्हा माधवराव म्हणाले, "बाबुराव, आमच्याकडे लोक याच्यावर डॉक्टरेट करतात. तुम्ही नुसतं दूध नासवलंत."

त्यांचा सिद्धांत साधा होता. घड्याळाचं ऐकू नका, धागा धरा. प्रश्न आधी, उत्तर नंतर. हाक आधी, ओ नंतर. एवढं एक कधी उलटं होत नाही. आणि यंत्रांचं आपसात जुळेना, तर तीन ठेवा. दोघं म्हणतील ते खरं.

त्यांच्या पत्नी, कुसुमताई, गेल्या त्या वर्षी त्यांनी नवी बॅटरी मागवली. मी जोडायला गेलो. घर नीटनेटकं, पण एकाच माणसाच्या वावराचं. सोफ्याचा एकच कोपरा खचलेला, ओट्यावर एकच कप पालथा. हॉलमध्ये एक छोटा कॉम्प्युटर, स्वयंपाकघरात दुसरा. दोन्ही खोलीतला आवाज टिपत आणि तो कितवा, कुणाच्या आधीचा, ते पडद्यावर लिहीत. तिसरा त्यांना मधल्या पॅसेजमध्ये बसवायचा होता आणि त्यासाठी बॅटरी वेगळी हवी होती. मी विचारलं, घरात आवाज करायला आहे कोण? त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग हळूहळू सांगितलं. दिवेलागणीला स्वयंपाकघरातून कुसुमताईंची 'अहो' ऐकू येते आणि हॉलमधून त्यांची स्वतःची 'अगं' निघते. चाळीस वर्षांची सवय. पण यातलं आधी कोण, ते त्यांना कळेना. हॉलचं यंत्र म्हणे 'अगं' आधी, स्वयंपाकघरातलं म्हणे 'अहो' आधी.

लेक, अस्मिता, हडपसरला राहते. चला माझ्याकडे, म्हणून मागे लागलेली. तिला त्यांनी कबूल केलं होतं, की आधी हाक माझी असेल तर तो माझ्या डोक्यातला घुमारा, येतो मी.

"आणि तिची आधी असेल तर?" मी विचारलं.

"तर तिला एकटीला टाकून कसा जाऊ, बाबुराव?"

आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, तिन्हीसांजेला एका हाकेला ओ देऊ नये. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबावं. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील. दुसरं काही असेल ते एकदाच मारतं. मी हे त्यांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, तुमच्या जुन्या माणसांनाही तीनचा नियम ठाऊक होता तर. पण ओ द्यायचा प्रश्नच नाही, मला फक्त क्रम हवाय.

त्यांच्या आग्रहावरून त्या संध्याकाळी मी थांबलो. फ्रिजची, पंख्याची घरघर नको म्हणून मेन स्विच बंद केला. तिन्ही यंत्रं आपापल्या बॅटरीवर. आम्ही दोघं हॉलमध्ये, सोफ्याच्या दोन टोकांना. खालच्या रस्त्यावरची बस, रिक्षांचे हॉर्न, सगळं हळूहळू लांब गेल्यासारखं झालं. खिडकीतला उजेड राखेसारखा झाला. मग मला वास आला. हिंगाच्या फोडणीचा. त्यांच्याकडे दोन्ही वेळचा डबा यायचा. शेगडी कित्येक महिन्यांत पेटली नव्हती.

"अगं…" माधवराव पुटपुटले.

"अहो…"

दोन्ही मी या कानांनी ऐकलं. आधी कुठलं, विचाराल तर शपथेवर सांगता येणार नाही. माझा हात माधवरावांच्या मनगटावर होता. ते जागचे हलले नव्हते. त्या दोन अक्षरांपलीकडे त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो.

थोड्या वेळानं आम्ही पॅसेजमधल्या पडद्यापाशी गेलो. तीन ओळी होत्या. खालच्या दोन, अहो आणि अगं. त्यांच्याही वर, सगळ्यांच्या आधी, एक शब्द: आलो. माधवरावांनी तो आवाज लावला. त्यांचाच होता. थोडा घाईतला, चपला सरकवत बोलल्यासारखा.

हॉलचं यंत्र पाहिलं, तिथेही 'आलो' पहिलं. स्वयंपाकघरातही तेच. यावेळी तिघांचं एकमत होतं.

"यंत्र बिघडलं असेल," मी म्हणालो.

"एक बिघडतं, बाबुराव. तिन्ही सारखीच बिघडत नाहीत." मग ते त्या अंधाऱ्या स्वयंपाकघराकडे वळले. "हाक मारायच्या आधीच ओ दिलीय मी… म्हणजे मी गेलोच आहे."

मला वाटलं आता हे इथून हलणार नाहीत. झालं उलटंच. त्यांनी शांतपणे अस्मिताला फोन लावला, उद्या न्यायला ये म्हणाले. आता इथे असलो काय, तिथे असलो काय, असं काहीसं बोलले. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना त्यांनी वर वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मधून मधून अस्मिताचा फोन यायचा. बाबा जेवतात, फिरायला जातात, पेपर उघडून बसतात; पण हाकेला ओ देत नाहीत. कान तपासले, ठीक आहेत. ती म्हणायची, काका, मी समोर उभी राहून बाबा बाबा करते आणि ते असं बघतात की घरात कुणी नाहीच. तिचा आवाज तेव्हा फार लहान व्हायचा.

पुढे तिनं फ्लॅट विकायचं ठरवलं आणि बॅटऱ्या काढून घ्या म्हणून किल्ली माझ्याकडे पाठवली. तिला दिवस न कळवताच मी गेलो. भरदुपारी, मुद्दाम. एकटाच. तिन्ही तारा सोडवल्या, पडदे विझताना त्यांच्याकडे पाहिलं नाही. बॅटऱ्या जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवल्या, दार ओढलं, बाहेरून कुलूप घातलं आणि ओढून पाहिलं.

खाली वाकलो तोच आतून आलं…

"अहो…"

मग पॅसेजमधून पावलं. मग दाराजवळ, अगदी जवळ, बांगड्यांची किणकिण. आणि आतली कडी सरकली. दार आतल्या बाजूला खेचलं गेलं. बाहेरचं कुलूप ताणलं, कडीवर आपटलं, पुन्हा सैल झालं.

बॅटऱ्या तिथेच टाकून मी जिना उतरलो. दुकानात येऊन बसलो, गिऱ्हाइकांना काय दिलं, काय नाही, देव जाणे.

संध्याकाळी अस्मिताचा फोन. इतक्या महिन्यांत तिचा असा हसरा आवाज मी ऐकला नव्हता.

"काका, आज बाबा बोलले. दुपारी, आपणहून." ती पुढे म्हणाली, "विचारत होते, बाबुराव दारातूनच का परत गेले? कुसुमनं त्यांच्यासाठी चहा टाकला होता."