डावऱ्या हाताची लडी

आयसीयूच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला असायचा. सोनम आपल्या चपला त्या ढिगापासून बाजूला, भिंतीला लावून ठेवायची. मग हिरवा गाऊन चढवायचा, पाठीमागचे बंद कुणाकडून तरी बांधून घ्यायचे आणि आत जायचं. बेळगावातलं ते खासगी रुग्णालय तिच्या कॉलेजपासून जवळच होतं. पण आईला निपाणीहून अँब्युलन्सने आणलं तेव्हा तिने ते पहिल्यांदा आतून पाहिलं, आणि आता तिथल्या लिफ्टची कुरकुरसुद्धा तिच्या ओळखीची झाली होती.

आई, पारूबाई, कोपऱ्यातल्या खाटेवर होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तोंडात नळी, नळीला व्हेंटिलेटर. सुरुवातीला तिने डाव्या हाताने नळी ओढायचा प्रयत्न केला, म्हणून दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधली होती. पुढे तिची शुद्ध पुरती हरपली आणि हात हलायचे थांबले. पट्ट्या मात्र कुणी काढल्या नाहीत. नियम असेल, असं सोनमने मानलं. व्हेंटिलेटर लावायच्या संमतीवर सही तिनेच केली होती.

सोनम कायदा शिकवायची. इच्छामरणाचा विषय ती दरवर्षी वर्गात घ्यायची. मुलांचे दोन गट पाडून त्यांना भांडायला लावायची, आणि शेवटी उपचार थांबवणं व जीव घेणं यांच्यामधली रेघ फळ्यावर ओढून दाखवायची. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या त्या रेघेसाठी कर्नाटक सरकारने आदेश काढला तेव्हा ती निपाणीच्या घरी होती. टीव्हीवरची बातमी तिने आईला सोपी करून सांगितली, की बरं होण्याची आशाच नसेल तर घरच्यांच्या संमतीने यंत्र काढता येईल. आईच्या मांडीवर सूप होतं, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. वळलेल्या विडीला दोऱ्याचे वेढे देत आई म्हणाली, "मला तसं बांधून ठिवू नका. आन् ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडायची असती. परक्याला सांगायचं न्हाय."

गाठींतलं आईला कळत होतं. सारा जन्म विड्यांना दोरा बांधण्यात गेला होता. ती डावरी होती. उरलेला दोरा फेकून न देता ती अंगठा आणि करंगळीभोवती गुंडाळून आठाच्या आकड्यासारखी लडी करायची, आणि शेवटचा वेढा बाहेरून आत घेऊन ती घट्ट करायची. शेजारच्या बायकांच्या लड्यांचा शेवटचा वेढा आतून बाहेर जायचा. सोनम उजव्या हाताची; लहानपणी तिनेही आईसारखी लडी करून बघितली होती. ती कधीच जमली नाही.

आणखी एका कामासाठी गल्लीतून आईला बोलावणं यायचं, ते सोनमला आवडायचं नाही. कुणाचा जीव अडकला, दिवसेंदिवस नुसती घरघर चालली, की माणसं पारूबाईला न्यायला यायची. ती उशाशी जाऊन बसायची. घरच्यांशी तंबाखूच्या भावाचं, लेकीबाळींचं बोलत राहायची आणि बोलता बोलता त्या माणसाच्या अंगावरची एकेक गाठ सोडायची. अंबाडा, गळ्यातला काळा दोरा, बंडीचे बंद, करदोडा. मग चहा पिऊन घरी यायची. ते माणूस दिवस मावळायच्या आत जायचं.

विहारात जाणारं आपलं घर, आणि घरात ही असली अंधश्रद्धा, असं सोनम एकदा तिच्यावर चिडली होती. आई रागावली नाही.

"मी काय करतो गं? नुस्ती बसतो," ती म्हणाली. "हात आपला आपुन चालतोय. मला घरी आल्यावर कळतंय."

एका सकाळी सोनम आत गेली तेव्हा आईची दोन्ही मनगटं मोकळी होती. कठड्याला पट्टी नव्हती. ती उशीजवळ ठेवलेली होती, नीट गुंडाळून.

नर्स मागून आली. ती हुक्केरीकडची, कामाला चोख आणि बोलायला फटकळ. "यार बिच्च्यारी इदन्न?" तिने कानडीत विचारलं. हे कोणी सोडलं? सोनमने आपण आत्ताच आल्याचं सांगितलं. नर्सने तिच्याकडे एकदा, आईच्या निश्चल बोटांकडे एकदा पाहिलं आणि पट्टी पुन्हा बांधली. संध्याकाळी ती परत सुटलेली होती. नर्सने मग बजावलं, की नातेवाइकांनी दया दाखवायला हरकत नाही, पण पट्टीला हात लावायचा नाही.

सोनमने त्यावर फार विचार केला नाही. विचार करायला त्याहून मोठं काही समोर होतं. डॉक्टरांनी तिला आणि संघर्षला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. मेंदू परत येणार नव्हता. यंत्र चालू ठेवलं तर शरीर काही काळ राहील. काढायचं असेल तर रुग्णालयाचं एक वैद्यकीय मंडळ, बाहेरचा डॉक्टर घेऊन दुसरं मंडळ, दोन्हींचं मत, आणि घरच्यांची संमती. कायद्याने वाट आहे, पण दोन्ही भावंडांचं एकमत असल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही, असं ते म्हणाले.

संघर्ष तिच्याहून धाकटा. वीज खात्यात इंजिनिअर. कँटीनमध्ये चहाचा कप पुढ्यात तसाच ठेवून तो बोलला.

"आप्पा गेले तवा आपल्या घरात डॉक्टर आलता काय, आक्का? दवाखान्याच्या पायरीवरनं परत पाठवलंतं आपल्याला. आता कुठं आपल्या आईला मशीन मिळालंय, तर तूच काढा म्हणतीस."

"तिनं सांगितलंय रं मला."

"तुला सांगितलं. मला न्हाय सांगितलं." तो उठला. "तू वर्गात शिकीव तुझं. माझी आई हाय ती."

सोनमकडे उत्तर होतं. वर्गात दिलं असतं, त्याला द्यावंसं वाटेना. कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि रेघ फळ्यावर होती तेव्हा ती सरळ दिसायची. आईच्या छातीची यंत्राने होणारी वरखाली बघताना ती नेमकी कुठे आहे ते सापडत नव्हतं. ही संमती दिली तर आपण आईला सोडवतोय की मारतोय, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगू शकणारी बाई एकच होती, आणि तिच्या तोंडात नळी होती.

शेजारच्या खाटेवर खानापूरकडचे मारुतीराव होते. फुफ्फुसं निकामी झालेली, जीव जाता जात नव्हता. त्यांची बायको जयाबाई बाहेरच्या बाकावर बसून असायची. दुसऱ्या दिवशी दुपारी सोनम कँटीनमधून वर आली तर ती बाक सोडून उठली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "मघाशी काचेतनं बघितलं, ह्यांच्याजवळ येऊन बसलीस, लई बरं वाटलं बघ, पोरी. कोण बसतंय दुसऱ्याच्या माणसाजवळ."

सोनम म्हणाली, मी नव्हते, मी खाली होते.

जयाबाई ओशाळल्यासारखी हसली. "असंल बाई. गाऊनमधी सगळ्या सारख्याच दिसत्यात."

थोड्या वेळात आतून बोलावणं आलं. मारुतीराव गेले होते. जयाबाई रडली, पण त्या रडण्यात अडलेला श्वास सुटावा तसं काहीतरी होतं. नर्सने त्यांच्या अंगावरच्या वस्तू एका पिशवीत घालून दिल्या. अंगठी, कवळी, आणि करदोडा. नियमाप्रमाणे करदोडा कापून काढायचा असतो, त्यासाठी नर्सने कात्री आणली होती. कात्री लागली नाही. तो आधीच सुटला होता. पिशवी पारदर्शक होती. काळा दोरा आठाच्या आकड्यासारखा गुंडाळलेला सोनमला बाहेरून दिसला.

तिने पिशवीवरून नजर काढली आणि खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. ऊन चांगलं होतं. दोरा गुंडाळायची अशी पद्धत पुष्कळांची असते, असं तिने स्वतःशी म्हटलं. हा विचार बरोबर होता. तरी ती आत आईजवळ गेली आणि पट्टीकडे बघितलं.

पट्टी सुटलेली होती. उशीजवळ लडी होती. शेवटचा वेढा बाहेरून आत.

या वेळी नर्सने पट्टी बांधली, गाठीवर गाठ मारली, तिच्यावर आणखी एक मारली आणि खाटेकडे पाठ न करता दोन पावलं मागे सरली.

संघर्ष संध्याकाळी ड्यूटी करून आला. दमला होता. बाकावर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. सोनम त्याच्या शेजारी पुस्तक उघडून बसली होती, पानं उलटत होती, वाचत नव्हती. त्याच्या मनगटावर पांढरं सूत होतं. बुद्धपौर्णिमेला विहारात पाठ झाल्यावर आईने ते त्याला बांधलं होतं. सुटू नये म्हणून त्याने वर स्वतः आणखी गाठी मारून घेतल्या होत्या. आंघोळीतही काढायचा नाही. त्यावरून त्याची बायको त्याला चिडवायची, की आईचं लेकरू अजून दाव्याला बांधलंय.

तो जागा झाला तो एकदम. मनगट चाचपलं. बाकाखाली बघितलं. मग शर्टाचा खिसा चाचपला आणि दोन बोटांनी आतून सूत बाहेर काढलं.

ते आठाच्या आकड्यासारखं गुंडाळलेलं होतं. लडी त्याने उलटसुलट करून बघितली. लहानपणी आईच्या मांडीशी बसून त्याने अशा शेकड्यांनी बघितल्या होत्या.

"आक्का," तो म्हणाला, "कोण आलतं इथं?"

"कुणी न्हाय. मी इथंच हाय."

तो रडला नाही. त्याने सूत परत खिशात ठेवलं, वरून हात ठेवला आणि म्हणाला, "मला बी सांगितलं बघ तिनं."

मग सगळं सरळ होत गेलं. दोन्ही मंडळांचं मत एकच आलं. डॉक्टर जे करायचं ते पुन्हा एकदा समजावून सांगत राहिले, आणि सोनमला जाणवलं की त्यांनाही कुणाच्या तरी होकाराची गरज आहे. तिने होकार दिला. संघर्षने दिला.

सकाळची वेळ होती. पडदा ओढला गेला. औषध दिलं, म्हणजे आईला धाप लागणार नाही, दुखणार नाही.

नळी काढण्याआधी सोनमने थांबायला सांगितलं. पट्टी मी सोडते, ती म्हणाली.

नर्सने मारलेल्या गाठी पक्क्या होत्या. नर्स कात्री पुढे करणार तोच पहिली गाठ सुटली. मग दुसरी. मग तिसरी. दुसऱ्या मनगटाच्याही तशाच. सोनमला काही ओढावं लागलं नाही.

संघर्ष तिच्या हाताकडे बघत होता.

"डाव्या हातानं सोडलीस," तो हळूच म्हणाला.

तिने हात खाली घेतला.

नळी निघाली. यंत्राचा आवाज बंद झाला.

आई स्वतःचा श्वास घेत राहिली. संथ, कुठलीही घाई नसल्यासारखा. तोंडावरच्या चिकटपट्ट्या गेल्या आणि किती दिवसांनी तिचं तोंड तिचं दिसलं. संघर्षने तिचे पाय धरले होते. सोनम हलक्या आवाजात त्रिसरण म्हणत होती.

दुपारी एका श्वासानंतर पुढचा आला नाही.

सोनमला वाटलं होतं आपण कोसळू. तसं झालं नाही. दुःख होतं, ते मोठं होतं, पण त्याला कुठे टोक नव्हतं. रेघेच्या कुठल्या बाजूला आपण उभ्या होतो हा प्रश्न तिने पुन्हा स्वतःला विचारला आणि तो आता टोचत नाही असं तिच्या लक्षात आलं. आईला घेऊन ती दोघं निपाणीला निघाली. संकेश्वर मागे पडेपर्यंत अँब्युलन्समध्ये तिला झोप लागली, कित्येक दिवसांनी, गाढ.

पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गेले. संघर्ष कामावर रुजू झाला, फोनवर आता भांडण नव्हतं, उलट तो आईचे किस्से सांगून हसायचा. सोनम घर आवरायला थोडे दिवस निपाणीत राहिली. सूप धुऊन उन्हात ठेवलं. दोऱ्याची रिळं एका डब्यात भरली. वखारींकडून वारा आला की तंबाखूचा वास घरभर फिरायचा, लहानपणी नकोसा वाटणारा, आता हवासा.

एका दुपारी समोरच्या रुक्माबाईने दारातून हाक मारली. तिची सासू, मनुबाई, कित्येक महिने अंथरुणाला खिळून होती. ना बोलणं, ना ओळख.

"ये की जरा. म्हातारीजवळ बस. पारूआक्काचा लई जीव हुता तिच्यावर."

नाही म्हणायला कारण नव्हतं. सोनम जाऊन उशाशी बसली. म्हातारीच्या गळ्यात काळा दोरा होता. रुक्माबाई चहा टाकता टाकता आतून बोलत होती. यंदाचा तंबाखूचा भाव, बोरगावला दिलेल्या लेकीचं बाळंतपण, मुलाची कोगनोळीकडची नोकरी. सोनम हूं हूं करत होती. म्हातारीचा घसा घरघरत होता, मग तो आवाज जरा मऊ झाला. खोलीत बरं वाटत होतं. चहा झाला. "बस की आनखी," रुक्माबाई म्हणाली, पण सोनम उठली, येते म्हणाली आणि गल्ली ओलांडून घरी आली.

कुलूप काढायला तिने मूठ उघडली. मुठीत किल्ली होती. किल्लीबरोबर काळ्या दोऱ्याची लडी होती.

शेवटचा वेढा बाहेरून आत घेतलेला होता.

भीती वाटायला हवी होती. पण हात हलके वाटत होते, एखादं ओझं जागेवर पोचवून आल्यासारखे. तिने दार उघडलं, लडी आईच्या डब्यात ठेवली, परत येऊन उंबऱ्यावर बसली आणि समोरून हाक येण्याची वाट बघू लागली.