खोटी वाव

आश्विन सरत आला होता. सह्याद्रीच्या माथ्यामागे नुकते कुठे तांबडे फुटू लागले होते आणि खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी लाटांचा मार खात उभा असलेला तिवरगड धुक्यात अर्धामुर्धा बुडालेला होता. नगारखाना अजून वाजला नव्हता. गडाच्या पाठीशी, खाडीच्या आत, श्रीमंतांच्या आरमाराची अकरा गलबते तोफा उतरवून, शिडे सोडवून, बुडाला चुना-तेल लावण्यासाठी चिखलावर आडवी घातलेली होती; आणि त्या निजलेल्या गलबतांवर चालून आलेले टोपीकरांचे चाळीस तोफांचे जहाज बाहेर दीड कोसावर भरतीची वाट पाहत उभे होते. त्या जहाजाच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाशी, शिशाचा गोळा बांधलेली मापाची दोरी हातात घेऊन, रवळोजी तांडेल आपल्याच गावाकडे बघत होता. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

रवळोजी जातीचा गाबीत, आणि तिवरगडाच्या आरमारातला सर्वांत जुना तांडेल. नारळी पौर्णिमेला खाडीच्या मुखाशी नव्याने पाणी मोजून तो काथ्या आणायला पार मलबारच्या टोकापर्यंत गेला होता. परतण्याआधीच कन्याकुमारीजवळ टोपीकरांनी त्याचे गलबत धरले. खलाशांना त्यांनी किनाऱ्यावर सोडून दिले, तांडेलाला मात्र ठेवून घेतले. कारण त्या जहाजावर मोरेश्वरपंत होते.

हे मोरेश्वरपंत तिवरगडाचे दफ्तरदार. सहा वर्षे तांडेलांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांनी कोकणापासून कन्याकुमारीपर्यंतच्या किनाऱ्याचा नकाशा सिद्ध केला होता; असा नकाशा ना दिल्लीत होता, ना गोव्यात. पण गडाची सबनिशी दुसऱ्याला मिळाली, पंतांच्या मनात अढी बसली, आणि आषाढात ते नकाशासह नाहीसे झाले. आता खाडीच्या मुखातली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, हे पंतांना पक्के ठाऊक होते. नकाशावर तेवढी एकच जागा भरवशाची नव्हती. तिथे तांडेलच हवा.

"याला विश्वासात घेण्याची गरज नाही," पंत कप्तानाला म्हणाले होते. "याच्या हाती फक्त दोरी द्या. मान कापली तरी गाबीत खोटी वाव सांगत नाही."

ते खरेच होते. धुक्यात, अंधारात, नाळेवरचा एक माणूस पाण्यात गोळा सोडतो, दोरीला दर वावेवर, म्हणजे चार-चार हातांवर, मारलेल्या गाठी मोजतो आणि किती वाव पाणी ते पुकारतो. मागे तीस माणसांचा जीव त्या एका आवाजावर तरंगत असतो. म्हणून पोराच्या हाती पहिल्यांदा दोरी देताना बाप त्याच्या तोंडात ओंजळभर समुद्राचे पाणी घालतो आणि पाण्याची खोटी साक्ष देणार नाही अशी शपथ घेववतो. भावाभावांत वाटणीवरून डोकी फुटली, पण वाव कोणी खोटी सांगितली नाही. वैऱ्याच्या होडीलासुद्धा नाही.

एकवीस दिवस रवळोजीने ती शपथ पाळली, आणि एकवीस दिवस त्याच्या जिवाची तगमग झाली. गोळ्याच्या बुडाला लावलेल्या मेणाला तळाची माती चिकटून वर येई. कन्याकुमारीशी तीन रंगांची वाळू आली. मलबारात, भर पावसातही लाट उठू न देणारा मऊ, बुळबुळीत चिखल आला. कानडी मुलखात नद्यांच्या मुखांपुढे भरड वाळू आली, डोंगर समुद्राकडे सरकू लागले. कारवारची बेटे मागे पडली आणि एके सकाळी गोळा तळाशी खणकन वाजला, मेण कोरेच वर आले. कोकणचा काळा खडक लागला होता. कप्तान प्रत्येक वाव नकाशाशी ताडून पाही, मागोमाग आपला खलाशी लावून पुन्हा मोजून घेई. आठ दिवसांनी त्याने तो खलाशी काढून घेतला. रवळोजीचा एकेक खरा बोल शत्रूला त्याच्या घराकडे ओढून आणत होता.

भरती चढली. जहाजाने तोंड वळवले. नकाशात मार्ग दक्षिण अंगाने दाखवला होता, आणि कप्तान त्याच अंगाने निघाला होता. यंदाच्या पावसाने तो मार्ग बुजवून उत्तरेच्या खडकालगत नवा पाडला होता, आणि नारळी पौर्णिमेला रवळोजीनेच तो मोजला होता. पण खरी वाव ऐकली की कप्तान मागे सरणार, होडी उतरवणार, आणि तासाभरात नवा मार्ग हुडकणार, हेही त्याला उमगत होते.

"सहा वाव." जहाज पुढे सरले. "पाच." धुके विरत होते. चिखलावर कलंडलेल्या गलबतांच्या सावलीत माणसे निजलेली दिसत होती; कोणी एकजण उठून चूल पेटवत होता. पंत मागे येऊन उभे राहिले होते.

रवळोजीने पुन्हा गोळा सोडला. दोरी साडेतीनलाच सैल पडली. जहाजाचे बूड तीन वाव खोल होते. त्याच्या घशात खारट पाणी आल्यासारखे झाले.

"पाच वाव," तो म्हणाला.

जहाज शीड भरून पुढे गेले आणि वाळूत घुसले. डोलकाठ्या कडकडल्या, माणसे तोंडावर आपटली. भरती नेमकी तेव्हाच फिरली.

पंत कठड्याला धरून उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तांडेल, तू खोटी वाव सांगितलीस?" त्यांनी विचारले, आणि ज्याने आपल्या धन्याचा अवघा किनारा परक्याच्या हाती दिला, त्या माणसाला या गोष्टीचा मनापासून धक्का बसला होता.

"होय, पंत," रवळोजी म्हणाला. "तुमी नकाशो दिलात, तेवा तुमका जड गेला नाय. माका ह्यो एक बोल लय जड गेलो."

आणि कोणी हात घालण्याआधी त्याने पाण्यात उडी टाकली व तो गडाच्या दिशेने पोहत सुटला.

ओहोटीबरोबर जहाज एका कुशीवर कलंडले. एका अंगाच्या तोफा आभाळाकडे, दुसऱ्या अंगाच्या पाण्यात. गडाच्या तोफांना मग घाई करायचे कारण उरले नाही. दुपारपर्यंत पांढरे निशाण चढले. पंतांना बेड्या घालून गडावर आणले, तेव्हा भिजका नकाशा त्यांच्या अंगरख्यातच होता.

चौथ्या दिवशी सदर भरली. किल्लेदार सिदोजीराव उठून उभे राहिले. "तांडेल, आपण या दौलतीची लाज राखलीत. श्रीमंतांच्या आज्ञेने हे सोन्याचे कडे आणि या गडाच्या आरमाराचे सारंगपद आपणांस बहाल करण्यात येत आहे." रवळोजीने तीनदा मुजरा केला. गावाने त्याला खांद्यावर घेतले. तो हसला, पण त्या रात्रीही त्याला झोप आली नाही.

कार्तिक पौर्णिमेला पहिले गलबत पाण्यात उतरले. खाडीच्या मुखाशी दाट धुके होते. नाळेवर रवळोजी, सुकाणूवर धाकू. दोघे एका पुळणीवर वाढलेले. त्याच धाकूने चार दिवस त्याच्या नावाचा ढोल वाजवला होता.

"तीन वाव," रवळोजीने पुकारले.

मागे पाण्यात काहीतरी बुडाल्याचा आवाज झाला. त्याने वळून पाहिले. धाकूने एका हाताने लांब बांबू पाण्यात उतरवला होता. त्याच्याही नकळत उतरवला असावा. बांबू तीन वावांवर टेकला. धाकूची मान खाली गेली.

"मी चुकलंय, रवळूदा."

"तुजा काय चुकला नाय," रवळोजी म्हणाला. "तुज्या जागेर मी असतंय, तर माजोव हात तसोच गेलो असतो."

त्याने दोरी गाठ गाठ करून गुंडाळली, गोळा पुसला आणि दोन्ही धाकूच्या हातात दिले. मग तो मागे जाऊन सुकाणू धरून बसला.

"आता तू सांग," तो म्हणाला. "मी ऐकतंय."