पुढून वाजलेली घंटी

नवशिक्या माणसाला सायकलवर लांब न्यायचं असेल तर रस्ता निवडणं हेच खरं काम. पायडल काय, कुणीही मारतं. ही अक्कल मला दीपमालामुळं आली, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

अठ्ठ्याण्णव साली आमचं लग्न झालं. मी तेव्हा ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर होतो. रविवारी जाड टायरची रेंजर सायकल काढून मखमलाबादच्या घरातून पहाटे निघायचो, तो जेवायलाच उगवायचो. असे चार-पाच रविवार बायकोनं सोसले आणि मग एक दिवस दारात आडवी उभी राहिली.

"अहो, मला बी न्या की. का सवत हाय ती सायकल माझी?"

तिला सायकल येत नव्हती. झेंडूच्या वावरामागं तिला शिकवली, झेंडूचे दोन वाफे आडवे झाले, आईनं आठवडाभर तोंड फिरवून ठेवलं. पुढचा प्रश्न होता, न्यायची कुठं? आग्रा रोडला कांद्याचे ट्रक अंगावर येतात. गावातल्या रस्त्यानं न्यावी तर सून सायकलवर दिसली म्हणून बायका तोंडाला पदर लावणार. मग उरल्या आडवाटा, आणि त्या मी नवरीच्या साड्या निवडाव्यात तशा निवडल्या. रामशेजच्या पायथ्याला सुटे दगड फार. तिथं नेली असती तर सायकल टाकून तशीच माहेरी गेली असती. पांडवलेण्याच्या मागं बाभळीचे काटे. शेवटी पसंत पडला तो पाटाचा भराव. सपाट रस्ता, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला द्राक्षाच्या बागा आणि वाटेल तिथं पाय टेकायची सोय.

भराव संपला की धरणाला वळसा घालून एक गाडीवाट फुगवट्याकडं, म्हणजे धरणामागं तुंबलेल्या पाण्याकडं उतरते. मे महिन्यात पाणी मागं सरलं की धरणात बुडालेल्या गावाचा जुना रस्ता तिथं उघडा पडतो. टणक, बिनकाट्याचा, आणि उतार असा की कळतसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना भेगाळलेला गाळ, मध्येच एखाद्या विहिरीचा कठडा, देवळाच्या चार पायऱ्या. दीपाचा सगळ्यात लाडका रस्ता तो. "इथं काय करावंच लागत नाय हो," ती म्हणायची, "आपोआप जाते."

मी पुढं, ती मागं. मागं वळून बघितलं की हँडल वळतं, म्हणून मी बघायचं नाही असं ठरलं होतं. मी घंटी एकदा वाजवायची, म्हणजे "येतेस ना?" तिनं दोनदा, म्हणजे "येतेय." आणि रस्ता वाईट असला की पुढच्यानं घंटी वाजवतच राहायची, म्हणजे मागच्यानं असेल तिथं पाय टेकायचा.

दोन हजार एकच्या आषाढात तिला कावीळ झाली. श्रावण काही तिनं बघितला नाही.

तिची बारीक टायरची सायकल मी छपरीत आढ्याला टांगून ठेवली आणि रविवारी एकटाच जाऊ लागलो. घरात बसवत नव्हतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी भरावावर सवयीनं माझा अंगठा घंटीवर पडला. एकदा वाजली. आणि मागून, फार लांबून नाही, दोनदा वाजली.

मी मागं बघितलं नाही. तुम्ही म्हणाल, घाबरला असशील. खरं सांगतो, नाही. वळून बघितलं आणि कुणी नसलं तर? त्या भीतीनं नाही बघितलं. घरापर्यंत मागच्या चाकाची टिकटिक ऐकत आलो आणि वळणावर ती थांबली.

पुढं वर्षभर हेच चाललं. इतर रस्ते मी सोडूनच दिले. चढावर सायकल घालत नव्हतो, तिला झेपलं नसतं. दमली असेल असं वाटलं की बागेच्या सावलीला थांबायचो, पाणी प्यायचो, उगाच बूट झटकायचो. माझ्या आईनं, मालनबाईनं, मात्र ओळखलं.

"ज्ञानू, आधी घामाघूम होऊन यायचास. आताशा सुका येतोस. कुणाच्या चालीनं जातोस रं?"

मी सायकल भिंतीला लावून आत गेलो. पण दुसऱ्या महिन्यात तिनं पिंपळगावची मुलगी बघितली, आणि मी नाही म्हणालो नाही. आई दमली होती आणि मी कुठंवर हट्ट करणार? साखरपुड्याच्या आधी देव्हाऱ्यात दीपाचा चांदीचा टाक बसवायचं ठरलं. आमच्यात गेलेलं माणूस असं टाकाच्या रूपानं देवांत बसवतात. "एकदा देवात बसली," आई म्हणाली, "की तुझ्या मागं नाय यायची." सराफाकडून टाक सोमवारी यायचा होता. म्हणजे माझ्या हाताशी एकच रविवार उरला. तेवढ्यात तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती रुसली असती.

डिसेंबर होता. उजाडलं होतं तरी धुकं असं की स्वतःचं पुढचं चाक दिसेना. भरावावर लागलो आणि घंटी वाजवली.

मागून काही नाही.

पुन्हा वाजवली. पाटाचं पाणी तेवढं वाहत होतं. तिला आधीच कळलं, आता ती येत नाही, असं मनात आलं. आणि तेवढ्यात दोनदा घंटी वाजली... पुढून.

मी पायडल मारलं. टिकटिक पुढं चालली होती, ना जवळ येत होती ना लांब जात होती. मी हळू झालो की तीही हळू व्हायची. भराव संपला, वळसा झाला, गाडीवाट लागली. एरवी तिथं बाभळीखाली हटकून पंक्चर व्हायचं. त्या दिवशी वाटेवर एक काटा नव्हता, एक खडा नव्हता. ओल्या गाळाचा थंड वास येऊ लागला आणि चाकाखाली रस्ता टणक झाला. मला पाय हलवावे लागेनात.

"दीपा..." मी म्हटलं. "थांब ना जरा... सांगायचंय."

धुक्यातून अगदी दबक्या आवाजात आलं, "या... सोपा हाय रस्ता..."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर मी तिच्यासाठी रस्ते निवडत होतो. आज तिनं माझ्यासाठी निवडला होता. जिथं ती गेली होती तिथल्या वाटेवर नवशिका मीच होतो ना! मला सगळं कळत होतं. पाऊसकाळ होऊन गेलाय, धरण भरलंय, डिसेंबरात तो रस्ता उघडा नसतो, हे कळत होतं. तरी ब्रेकवर बोट जाईना. पावलं गार पडली, मग पोटऱ्या, आणि चाकांचा आवाजच बंद झाला. आई चहा गाळून वाट बघत असेल असं एकदा वाटलं. पण टिकटिक पुढं होती आणि मला तीच हवी होती.

तेवढ्यात घंटी वाजायला लागली. एकदा नाही, दोनदा नाही. वाजतच राहिली.

मी पाय टेकला. पाणी मांडीला लागलं. घंटी थांबली, आणि धुकं थोडं विरळ झालं तेव्हा समोर नुसतं पाणी होतं. एवढ्या मोठ्यानं मी ती गेली तेव्हाही रडलो नव्हतो. "लग्न ठरलंय गं माझं," मी पाण्याला सांगितलं. सायकल वळवली आणि वर आलो. परतताना घंटी वाजवायची हिंमत झाली नाही.

दुपारी दीपाचा भाऊ सहादू घरी आला. माझे कपडे बघून त्यानं खोदून विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्याला वाटलं, दाजी जीव द्यायला गेले होते. "चला, दाखवा मला," म्हणून तो मला परत तिथं घेऊन गेला. आता लख्ख ऊन होतं. पाण्याच्या कडेच्या ओल्या गाळात माझ्या जाड टायरची एक ओळ आत गेलेली होती आणि एक बाहेर आलेली. त्या बाहेर आलेल्या ओळीला चिकटून आणखी एक होती, बारीक टायरची. ती आत गेलेली नव्हती. पाण्यातून नुसती बाहेर आली होती आणि माझ्या मागोमाग गाडीवाटेला लागली होती.

सहादू उकिडवा बसून बघत राहिला. त्याच्या बहिणीला सरळ सायकल कधी आलीच नाही. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा तिची ओळ नागमोडी जायची, त्यावरून आम्ही दोघंही तिला चिडवायचो. ही ओळ दोरी लावून आखल्यासारखी होती. कुठं डळमळ नाही, कुठं पाय टेकलेला नाही.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "ही तर शिकली... तिकडं कोण शिकवतं हिला?"

भीती वाटली, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त मला झोंबलं ते वेगळंच. दीपाला शिकवायचं काम माझं होतं.