कॅमेऱ्याच्या डावीकडे

"कॅमेरा बिघडलाय माझा," आमच्या चष्म्याच्या दुकानात शिरल्या शिरल्या तो म्हणाला.

"मग इथे कशाला आलात? आम्ही डोळे तपासतो."

"दुरुस्तीवाला म्हणाला, कॅमेरा ठणठणीत आहे. आधी डोळे दाखवा."

मी त्याला खुर्चीत बसवलं. चौथी ओळ त्याने इतक्या थाटात चुकीची वाचली, की मला हसू आवरेना! पण चष्मा लागणार म्हटल्यावर त्याचा चेहराच उतरला. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवणाऱ्या आपल्या मावशीवर तो एकट्यानेच पहिला सिनेमा करत होता. पटकथा नाही, नट नाहीत. खिडकीतला उजेड आणि मावशीचं शिलाई मशीन. तीन वर्षं खपला होता बिचारा, आणि शेवटचे सगळे प्रसंग अंधुक निघाले होते. शनिवारी सिनेमा महोत्सवाला पाठवायचा होता. आज सोमवार, आणि चष्मा मिळणार बुधवारी.

"तोवर फोकस मी बघते," मी बोलून गेले. काउंटरमागे बाबा नुसते खाकरले.

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडायच्या आधी मी मावशीकडे. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोळे घालून मी सांगायची, "थोडं पुढे... अजून... थांबा."

"माणसांनाही असंच थांबवता?"

"थांबणारी असली तर..."

तो कधी 'कट' म्हणायचा नाही. काम संपलं असं वाटलं की माणूस खरा दिसतो, असं त्याचं म्हणणं. पण मावशी वस्ताद! कॅमेरा दिसला की पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ. शेवटच्या शॉटला तिचं खरं हसू हवं होतं, आणि तेच मिळेना.

"मावशी, सहज हस ना गं."

"सहज कशी हसू? हसण्यासारखं काहीतरी कर की मेल्या!"

बुधवार गेला, गुरुवार गेला. चष्म्याचं विचारलं की बाबा म्हणायचे, "बघू." मीही फार खोदून विचारलं नाही, खरं सांगते.

शनिवार सकाळ. कॅमेरा सुरू करून तो वायर उचलायला वाकला, आणि खिशातून आमच्याच दुकानाची चष्म्याची डबी खाली पडली.

"चष्मा कधी नेलात?"

"बुधवारी... तुमच्या बाबांकडून."

"आणि मी रोज पहाटे उठून येतेय!"

"चष्मा लावला असता, तर तुम्ही आला नसता." त्याचे कान लाल झाले. "मला तुम्ही आवडता. सिनेमा संपला तरी... याल?"

राग आला होता. आनंद त्याहून जास्त झाला होता.

"आधी तो डोळ्यांवर चढवा," मी म्हणाले. "मला नीट बघा. आणि मग पुन्हा विचारा."

गडबडीत त्याने तो उलटा लावला. मी सरळ करून दिला. त्याने बघितलं... बराच वेळ बघितलं, आणि पुन्हा विचारलं.

"येईन," मी म्हणाले.

तेवढ्यात मशीनची खडखड थांबली. आम्ही वळलो. हातातलं कापड तसंच धरून मावशी आमच्याकडे बघत हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कॅमेरा चालूच होता.

"फोकस?" तो कुजबुजला.

मी पडद्यात पाहिलं. "एकदम स्वच्छ."

सिनेमा त्याच संध्याकाळी गेला, आणि निवडलाही गेला. त्या शॉटचा आवाज मात्र मी काढायला लावला. आता प्रत्येक खेळानंतर कोणीतरी विचारतंच, मावशी शेवटी कॅमेऱ्याच्या डावीकडे बघून एवढी कशाला हसते?

तो चष्मा सरळ करतो आणि माझ्याकडे बोट दाखवतो. "फोकस यांनी बघितलाय. यांनाच विचारा."