हिरवा दिवा विझल्यावर

वीज गेली की पंखा लगेच थांबत नाही; पाती आपल्याच ओघात आणखी काही फेरे घेतात. राउटरचा हिरवा दिवा मात्र त्याच क्षणी विझतो. अपेक्षा अमरावतीला, राजापेठेतल्या शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवायची. असल्या गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नसत.

अकोल्याला मावशीकडे आली असताना जठारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात तिनं लॅपटॉप उघडून गेम लावला. "दादा, आता तुमचा राउटर बंद करा."

दुकानदारानं बटण दाबलं. पडद्यावरचा संत्र्यांचा ट्रक थबकला आणि काळी पाटी आली – 'ही प्रत चोरीची असू शकते.'

"पाहा! विकत घेतलेला गेम आहे. आमच्याकडं लाइट गेली, की मी चोर!"

शेजारी माउस घ्यायला आलेल्या तरुणाचे कान लाल झाले.

"हा गेम... तुमी खेळता?"

"रोज. कावून?"

"पुलाच्या अलीकडं ट्रक उलटते न?"

"तुमाले कसं माहीत?"

"मीच उलटवला तो," तो खाली पाहत म्हणाला. "मी कुंदन. गेम मीच बनवला आहे. कुलूप मात्र खेळपेठवाल्यांचं."

'खेळपेठ' म्हणजे ऑनलाइन गेम विकणारं मोठं दुकान. नक्कल होऊ नये म्हणून तिथल्या प्रत्येक गेमला कुलूप असे, आणि प्रत विकतचीच आहे याची ते सतत नेटवरून खात्री मागे.

"मंग काढा न ते!"

"मी काढलं, तर ते मले काढतात. सारे गिऱ्हाईक तिथंच आहेत."

"मी पण तिथंच होती. त्यांची सुवर्णग्राहक!" लॅपटॉप मिटत ती म्हणाली. "आता नाही."

संध्याकाळी तिनं विझलेल्या राउटरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं – 'कुलूप निघेपर्यंत खेळपेठेतून खरेदी बंद.' पहिलं उत्तर कुंदनचं आलं. नुसता एक हिरवा ठिपका.

मग गावोगावचे विझलेले राउटर येऊ लागले. अकोट, वाशीम, यवतमाळ, पार नागपूर. खेळपेठेनं अपेक्षाला भेट म्हणून खरेदीत सूट देणारे जादा गुण पाठवले. तिनं ते परत केले. बहिष्कार वाढला, तसा कुंदनचा गेमही विकायचा थांबला.

"आज एकही नाही गेला," तो फोनवर सांगायचा.

"माझा राग येते?"

"येत नाही न... तेच तर अवघड आहे."

कुंदनचे वडील नत्थुजी चांदूर बाजारचे. संत्र्याच्या दिवसांत ते राजापेठेत दुकान लावत. बाबांना मदत करायची, या निमित्तानं कुंदन दर रविवारी अकोल्याहून अमरावतीला येऊ लागला. मदत फारशी होत नसे. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. दिवाळीनंतर एकदा दुकानात संत्रं सोलता सोलता त्यानं विचारलंच –

"मंग... लग्नाचं काय?"

तिनं त्याच्या हातातली फोड उचलून तोंडात टाकली. "सांगतो म्हणावं, वेळ आली की."

"मॅडम, मी तुमचा विद्यार्थी नाही!"

ती हसली, पण उत्तर अडलं होतं. आपल्यासाठी त्यानं खेळपेठ सोडावी, हे तिला नको होतं. उद्या सगळं बुडालं तर दोघांच्या मधे तेच उभं राहिलं असतं. आणि आपल्या गिऱ्हाइकाला चोर म्हणणाऱ्या कुलपाआड तो कायम राहिला असता, तर तिला त्याच्या डोळ्यांत पाहणं जमलं नसतं. त्याचं त्याला पटायला हवं होतं.

तेवढ्यात नेहमीच्या गिऱ्हाईक गोदाबाई आल्या आणि एक अर्धं खाल्लेलं संत्रं पुढं केलं. "नत्थुजी, आंबट निंगालं हे."

नत्थुजींनी काही न विचारता दुसरं दिलं, वर चवीला एक फोडही दिली. त्या गेल्यावर कुंदन म्हणाला, "बाबा, खोटं बोलली असन तर?"

"असन! पन एका जनासाठी साऱ्याइच्या पिशव्या झाडू काय? वर्सानुवर्सं येऊन राहिली ते."

कुंदन हातातल्या सालीकडे पाहतच राहिला. मग झटक्यात उठला.

"कुठं चालला?" अपेक्षानं विचारलं.

"अकोल्याले. कुलूप काढायले. अन् तुझ्यासाठी नाही, बरं का!"

तिला इतकं गोड वाक्य आजवर कुणी ऐकवलं नव्हतं.

त्यानं गेम खेळपेठेतून काढला आणि स्वतःच्या पानावर ठेवला, कुलपाशिवाय. पहिला टप्पा सगळ्यांना फुकट – 'आधी फोड खाऊन पाहा.' ज्यांच्याकडे गेम होता, त्यांनीही पुन्हा घेतला. मग इतर गेमवालेही खेळपेठ सोडू लागले, आणि शेवटी एका रविवारी खेळपेठेनं सगळ्याच गेमचं कुलूप काढल्याचं जाहीर केलं.

त्या दिवशी शिकवणीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिट्ट्या, टाळ्या, नत्थुजींची टोपलीभर संत्री. अपेक्षाचे वडील भगवंतरावही आले होते. मुलगी लग्नाचं नाव काढू देत नाही, हे ते नत्थुजींना सांगत होते – आणि वीज गेली.

हिरवा दिवा विझला. सगळे गेम चालू असलेल्या लॅपटॉपकडे वळले. ट्रक थांबला नाही. संत्री हिंदकळवत पूल ओलांडून पार गेला. खोलीत एकच जल्लोष उसळला.

वर पंख्याची पाती अजून फिरत होती. अपेक्षानं कुंदनकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी कुंदनसंगं लग्न करतो आहे."